जॉयलने चालवलेलं पेन

मोठ्या माणसाला भेटलं की त्याचं मोठेपण आपल्यालाही लागतं, गोवर लागतो तसं, अशी आमच्या आळीतल्या लोकांची समजूत आहे. समजुतीला माझी हरकत नाही. लोकांनी काय समजावं हे ठरवणारी मी कोण? पण तो मोठा माणूस माझा दीर होता आणि त्याला भेटायला येणाऱ्यांचा चहा मी करत होते. म्हणून मी बोलणार.

माझं नाव सेलिन. माहेर निर्मळ, सासर सांडोर. माझा नवरा ऑस्टिन थोरला, वाडी तोच बघतो. जॉयल धाकटा. जॉयल दहावीला बोर्डात आला तेव्हा मी या घरात नव्हते, पण ती गोष्ट मला इतक्यांदा ऐकवली आहे की कधी कधी वाटतं, मीच बोर्डात आले होते. चर्चच्या हॉलमध्ये सत्कार झाला, शाळेच्या क्लेमेंट मास्तरांनी भाषण ठोकलं, आणि पुढच्या वर्षी मास्तरांनीच एका मुलाला परीक्षेआधी जॉयलकडे आणलं. "याच्या हातून पेन चालवून घे," म्हणाले. जॉयलने नव्या पेनने कागदावर त्या मुलाचं नाव लिहिलं आणि ते पेन त्याला दिलं. मुलगा काठावरचा होता, तो फर्स्ट क्लासमध्ये आला. झालं! तेव्हापासून प्रथा पडली ती पडलीच.

जॉयल इंजिनियर झाला, जर्मनीला गेला, तरी ती मोडली नाही. नाताळात तो घरी आला की चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर लोक मुलांना घेऊन यायचे. ओटीवर वेताची खुर्ची मांडायची, तीत जॉयल. बाजूला माझी सासू ॲंजेला, मांडीवर पेनांचा खोका. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात केळ्यांची एक फणी. आमची केळीची वाडी, येणाऱ्यांच्याही केळीच्याच वाड्या, पण मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? त्या दिवसांत घरात पाय ठेवावा तिथे केळी. भजी करून करून माझे हात तेलकट.

मुलं एकच विचारायची, किंवा आईबाप त्यांच्या पाठीत बोट खुपसून त्यांना विचारायला लावायचे. "भीती वाटली तर काय करायचं?" आणि जॉयल हसून म्हणायचा, "भीती वाटली की मी पुस्तक उघडतो." एवढंच. पण लोक ते ऐकून असे माना डोलवायचे की विचारू नका. माझ्या मुलीने, ॲनिशाने, ते वाक्य रंगीत कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलं होतं. बाकीच्यांना जॉयल पाच मिनिटं भेटायचा, हिच्या तर घरातलाच. दाराच्या पडद्यामागे उभी राहून ती त्याच्या सगळ्या भेटी ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, जॉयल दोन बॅगा घेऊन परत आला. "आता घरूनच काम करतो," असं सासूबाईंनी आळीभर सांगितलं. तसा लॅपटॉप रोज उघडा असायचा, फक्त स्क्रीन काळी असायची. जॉयल भिंतीकडे तोंड करून पडलेला. आंघोळ सांगावी लागायची, जेवण सांगावं लागायचं. शेवटी मी ऑस्टिनच्या मागे लागले आणि आम्ही दोघांनी त्याला वसईतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत होते. म्हणाले, "हा आजार आहे. आळस नाही, नाटक नाही. औषधाने माणूस बरा होतो, पण वेळ लागतो. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, तसं केलं तर जिवाला धोका असतो." हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघत होते.

गोळ्यांनी गुण आला. हळूहळू आला, पण आला. नाताळच्या आसपास जॉयल वाडीत फिरायला लागला. ॲनिशाचं दहावीचं वर्ष होतं, तिला गणितं समजावून द्यायला लागला. एकदा बोंबलाचं कालवण केलं होतं, तर त्याने आपणहून परत भात मागितला. मी भात वाढला आणि मागच्या दारी जाऊन रडले. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या नाताळात सासूबाईंनी "जॉयलला ताप आहे" सांगून भेटी टाळल्या. पण फेब्रुवारी तोंडावर आला. इतकी वर्षं जॉयल परीक्षेच्या दिवसांत कधी इथे नसायचा, त्या वर्षी होता. लोकांना तर सोन्याची संधी वाटली. मिस्सा सुटल्यावर बाया सासूबाईंना घेरायच्या, "आमच्या पोराला कधी आणू?" आणि सासूबाईंचा चेहरा फुलायचा. कितीतरी महिन्यांनी फुलला होता तो.

अडचण एकच होती. गोळ्यांमुळे जॉयलचा हात थरथरायचा. चहाचा कप धरताना चालून जायचं, पण पेनने नाव लिहिताना? पहिल्या रविवारी त्याने एका मुलीचं नाव लिहिलं ते दारुड्याने लिहावं तसं वाकडं आलं. मुलीच्या आईने कागदाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं. बस. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पाकिटं फडताळातून गायब.

"आई, गोळ्या कुठे आहेत?" मी सासूबाईंना विचारलं.

"ठेवल्यात मी. भेटी होऊन जाऊ देत, ईस्टरनंतर देऊ परत."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऑस्टिनने सांगितलं ना तुम्हाला?"

"डॉक्टरच्या दारात कोणी मुलं घेऊन येतं का? त्याला काय कळतंय? सेलिन, अगं पोरांचा भरवसा आहे त्या हातावर. तो हात थरथरताना दिसला तर पोरं घाबरतील."

मी ऑस्टिनशी भांडले. ऑस्टिन म्हणजे दोन्ही बाजूंनी मान हलवणारा माणूस. म्हणाला, "महिन्याभराचाच तर प्रश्न आहे." मी स्कूटर काढली, केमिस्टकडून चिठ्ठीवर नव्या गोळ्या आणल्या आणि थेट जॉयलच्या हातात ठेवल्या. त्याने त्या उशीखाली सरकवल्या आणि म्हणाला, "वहिनी, हात स्थिर हवा. मुलांच्या परीक्षा आहेत." जसं काही हृदयाचं ऑपरेशन करायचंय त्याला! मी ओरडले. तो ऐकून घेत राहिला. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नसायचा. मी क्लेमेंट मास्तरांकडेही गेले, कारण हे सगळं सुरू केलं त्यांनी. जॉयल आजारी आहे, यंदा मुलांना पाठवू नका, असं स्पष्ट सांगितलं. मास्तर खुर्चीत मागे रेलले. "अगं, मुलांना भेटून त्यालाच उभारी येईल. यशस्वी माणसाला गोतावळा लागतो." मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांना उभारी देण्याचाच धंदा केला. उभारी देताना समोरचा उभा आहे की पडला आहे हे बघण्याची त्यांना सवय नाही.

गोळ्या बंद झाल्या आणि हात थांबला. अक्षर पूर्वीसारखं झालं, सुरेख. सासूबाई मला ते कागद दाखवायच्या, "बघ!" मी बघत होते. जॉयल पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला होता. रविवारी त्याला उठवून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवायचं काम ऑस्टिनकडे.

तशाच एका रविवारी एक माणूस आपल्या मुलाला घेऊन आला. गॅब्रिएल नाव त्याचं, लुकडा, पांढराफटक पडलेला. बापाने सांगितलं, सराव परीक्षेच्या सकाळी पोरगा ओकला. सांगताना बापाला लाज वाटत होती आणि ती लाज तो मुलाच्या डोक्यावर टपल्या मारून काढत होता. जॉयलने मुलाकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "जेवलास का?" मुलाने मान हलवली. नाही.

"मलाही जेवण जायचं नाही," जॉयल म्हणाला. "मला भीती वाटायची. अजून वाटते. तू नापास झालास तर घरी बसू नकोस, इकडे ये. आपण वाडीत फिरू."

त्या पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर आला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवरून कोणालातरी खरोखर काही मिळालं असेल तर ते त्या दिवशी. पण बापाचा चेहरा उतरला. तो सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "आम्ही प्रेरणा मिळावी म्हणून आणला आणि हे नापास व्हायचं शिकवतात?" पेन मात्र घेऊन गेला.

जॉयल पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. मी त्याच्याकडे ग्लास दिला. ग्लास हातात धरूनच तो बोलायला लागला, हळू, घरच्या बोलीत, लहानपणी बोलत असेल तसा. "वहिनी, पुस्तक उघडलं की मला अक्षरंच दिसायची नाहीत. पुस्तकाकडे बघत बसायचो, नुसता. बोर्डात कसा आलो ते मला आजही कळत नाही. तेव्हापासून रोज वाटतं, आज कोणीतरी पकडणार. जर्मनीतही तेच वाटायचं."

"तू आत जाऊन पड," मी म्हणाले. "मी सांगते सगळ्यांना, आज भेट नाही."

"नको," तो म्हणाला. "अजून दोघे बाहेर थांबलेत."

त्याने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि बाहेर गेला.

त्या दुपारी सासूबाईंनी त्याला फैलावर घेतलं. लोक किती लांबून येतात, किती आशेने येतात, त्यांना असलं काहीतरी ऐकवायचं? त्यांना जे हवं ते बोल, तुझं काय जातं? मी मध्ये पडले तर मला म्हणाल्या, "तू परक्या घरून आलीस, तुला या घराचा मान काय कळणार." जॉयल म्हणाला, "बरं आई."

पुढच्या रविवारी तो असा बोलला की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ओटी भरली होती, अंगणात लोक उभे होते. तो हसला, मुलांच्या पाठीवर थाप मारली, नावं लिहिली, पेनं दिली. भीती वाटली की पुस्तक उघडायचं, हेही सांगितलं, एकदा नाही, प्रत्येकाला. सगळे गेल्यावर त्याने ॲनिशाला बोलावलं, खोक्यातलं एक पेन चालवून तिला दिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पोटभर जेवला. सासूबाई मला म्हणाल्या, "बघितलंस? गोळ्यांशिवाय." मला त्याचं ते हसणं आवडलं नव्हतं. संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन लावला, तो रविवार होता, दवाखाना बंद होता. सोमवारी सकाळीच त्याला घेऊन जायचं असं मी आणि ऑस्टिनने ठरवलं. ऑस्टिन या वेळी हो म्हणाला होता.

सोमवारी सकाळी जॉयल घरात नव्हता. दुपारी सापडला. कुठे, कसा, ते मी सांगणार नाही, ते सांगून कोणाचं भलं होणार नाही.

त्याचा पाय घसरला, असं ठरलं. मास्तर, सासूबाई आणि ऑस्टिन आतल्या खोलीत बसले आणि बाहेर आले तेव्हा पाय घसरलेला होता. पोलिसांनी त्यांच्या कागदावर काय लिहिलं ते त्यांच्याकडे. फादरांनी काही विचारलं नाही, त्यांनी जॉयलला बापाच्या शेजारी माती दिली, हे त्यांचे उपकार. शोकसभेत मास्तर बोलले की जॉयल गेला तरी त्याची प्रेरणा जिवंत आहे. मी उठून बाहेर गेले. नसते गेले तर त्यांच्यावर चप्पल फेकली असती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ॲनिशाची परीक्षा. मी म्हणाले, यंदा बसू नकोस, बाळा, पुढच्या वर्षी बस. ती म्हणाली, "काकाने पेन चालवून दिलंय. मी जाणार." गेली. काळे कपडे घालून गेली, त्याच पेनने लिहिलं आणि तालुक्यात पहिली आली. मास्तर पेढे घेऊन आले. "ॲंजेलाबाई, जॉयलची जागा भरून निघाली." मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात परत ठेवला आणि वेताची खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. ऑस्टिन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. न का बोलेना.

ॲनिशा अकरावीला गेली. कॉलेज, क्लास, कॉलेज, क्लास. ताटात अन्न राहायला लागलं. मी विचारलं की म्हणायची, "क्लासमध्ये खाल्लं." त्या टेबलासमोरचा कागद मी एकदा फाडला, तिने नवा लिहून लावला. मी तिला डॉक्टरांकडे चल म्हणाले तर हसली. "मला काय झालंय, मम्मी?" ते हसणं मी ओळखलं. कोणाला सांगू? ऑस्टिनला सांगितलं. तो म्हणाला, "तुला आता सगळीकडे तेच दिसतं."

यंदाच्या फेब्रुवारीत माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी निर्मळला होते. रविवारी संध्याकाळपर्यंत राहणार होते, पण भाऊ आला आणि मी मिस्सा करून तिथूनच परत निघाले. घराच्या गेटपाशी तीन-चार स्कूटर उभ्या. पायऱ्यांवर चपलांचा ढीग. आणि कठड्यावर, एकाला एक लावून, केळ्यांच्या फण्या.

माळ्यावरची खुर्ची खाली आली होती. पुसून लख्ख केली होती. तिच्यात माझी मुलगी बसली होती, चर्चचा फ्रॉक, केस घट्ट बांधलेले. बाजूला सासूबाई, मांडीवर पेनांचा खोका. मास्तर कठड्याला टेकून. समोर एक मुलगा, आणि त्याची आई त्याच्या पाठीत बोट खुपसत होती. "विचार ना दीदीला. भीती वाटली तर काय करायचं?"

ॲनिशा हसली. "भीती वाटली की मी पुस्तक उघडते."

आवाज तिचा होता, बोलणं तिचं नव्हतं. लोकांनी माना डोलवल्या. तिने पेन उचललं आणि त्या मुलाचं नाव लिहायला कागदावर वाकली. मी पायऱ्या चढले, चपला न काढता, आणि तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ऊठ."

"सेलिन," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच," मी म्हणाले. "जॉयलचा पाय घसरला नव्हता."

ओटीवरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. पण या घराच्या ओटीवर ते कोणी उच्चारलं नव्हतं. मास्तर कठड्यावरून सरळ झाले. मी थांबले नाही. "तो आजारी होता. तो बरा होत होता. तुमच्या पोरांची नावं सरळ यावीत म्हणून त्याच्या गोळ्या बंद केल्या. त्याला भीती वाटायची, पुस्तक उघडलं तरी वाटायची, आणि ते त्याने एकदाच सांगितलं तर तुम्ही तक्रार घेऊन आलात. आणि आता हिला बसवलंय."

त्या मुलाची आई केळ्यांकडे बघत होती, न्यावीत की ठेवावीत असं तिच्या मनात चाललं असावं. मुलगा मात्र ॲनिशाकडे बघत होता.

सासूबाईंच्या मांडीवरून खोका घसरला. पेनं घरंगळत पायऱ्यांपर्यंत गेली, त्यांनी ती उचलली नाहीत. "मला वाटलं, हात थरथरला तर पोरं घाबरतील," त्या म्हणाल्या. हेच त्या मागच्या वर्षीही म्हणाल्या होत्या. पण आता त्या रडत होत्या, तोंडावर हात न घेता, आणि मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून मला स्वतःचाच राग आला. बाईने पोटचा मुलगा घालवला होता. तिच्याकडे त्याचं दुसरं काही उरलं नव्हतं, ही खुर्ची आणि हा खोका सोडून.

मी ॲनिशाचा हात धरला. हात गार पडला होता, भर दुपारी. "आत चल," मी म्हणाले. "जेव आणि झोप. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. कोणाला भेटायचं नाही, काही सांगायचं नाही."

ती उठली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग गेटकडे. चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं, पण डोळे भरून आले होते.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "अजून दोघे बाहेर थांबलेत."

मी तिला काखेत हात घालून उठवलं, उचललंच म्हणा, आणि आत नेऊन पलंगावर बसवलं. मग गेटपाशी गेले आणि त्या दोघांना केळ्यांसकट परत पाठवलं.